शिडीपाशी थोडं थांबून

बसा. घरात, गॅलरीत, एसटीच्या खिडकीपाशी, कुठेही चालेल. पाठ टेकवायची असेल तर टेकवा. डोळे मिटायची गरज नाही, कारण हे मनन बघण्याचं आहे. हात मात्र मोकळे ठेवा आणि तळवे वर करा. त्यांचं काम पुढे आहे.

आता मनाने ढाकला चला. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधल्या डोंगरात ढाकचा किल्ला आहे. त्याला खेटून कळकरायचा सुळका उभा आहे आणि तिथल्याच कातळाच्या पोटात बहिरी देवाची गुहा आहे. घाटावरून येणारे कामशेतकडून जांभिवलीला येतात आणि कोंडेश्वराच्या देवळावरून रानात शिरतात. कोकणातून येणारे सांडशीवरून चढतात. सुळका आणि डोंगर यांच्यामधल्या अरुंद नळीतून खाली उतरायचं, कातळाला अंग लावून आडवं सरकायचं, आणि मग शेवटचा उभा टप्पा. तिथे कातळात खोबण्या आहेत, धरायला दोर आणि तारा आहेत, आणि पाय ठेवायला झाडाचं खोड आहे. ते खोड हीच तिथली शिडी.

त्या खोडापाशी उभे राहा. चढू नका. आजचं सगळं मनन पहिला पाय उचलण्याआधीच्या वेळात करायचं आहे. खरं तर हा वेळ कुणी आपल्याला देत नाही. मागे माणसं उभी असतात, ऊन चढत असतं, आणि कुणीतरी म्हणतंच, “अहो, चला की, सगळे जातात.”

हे वाक्य मनात धरून ठेवा. सगळे जातात. ते खोटं नाही. बहिरीला पिढ्यान्‌पिढ्या माणसं जात आली आहेत. आसपासच्या वाड्यांमधली तर अनवाणी, हातात नारळ घेऊन. पण या वाक्यात शिडीबद्दल काय माहिती आहे? एवढीच, की कालपर्यंत ती टिकली. आजवर जी जी शिडी तुटली, तिने आदल्या माणसाला नीट वर पोचवलं होतं. आदला माणूस सुखरूप गेला ही बातमी त्याच्या घरच्यांसाठी. आपल्या पायाखाली काय आहे ते त्यातून कळत नाही.

श्वास नेहमीसारखा चालू द्या. तो मोजायची गरज नाही.

आता या वाक्यावर आपला इतका विश्वास का बसतो, ते शोधू. त्यासाठी थोडा वेळ कान्हेरीला जाऊ. बोरिवलीच्या त्या डोंगरात इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून लेणी कोरायला सुरुवात झाली आणि हे काम हजारभर वर्षं चाललं. एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाताना कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. पायऱ्या झिजल्या आहेत, मधे खोलगट झाल्या आहेत, पण पाय ठेवला की त्या तिथेच असतात. आता हरिहरगड आठवा. तिथला उभा जिना, आणि पायरीपायरीत हाताची बोटं अडकतील अशा कोरलेल्या खाचा. तिथे बोल्ट नाही, सांधा नाही, रंग नाही. ज्याने खाच कोरली, त्याने ज्यात कोरली तो डोंगरच पायरीला दिला. अशा पायरीला निसरडं शेवाळ धरेल, तिची कड झिजेल, पण ती एका रात्रीत आतून पोकळ होणार नाही.

आपण लेण्यांच्या आणि गडांच्या मुलखातली माणसं. आपल्या पायांना चढणं शिकवलं ते दगडाने. दगडाने एक सवयही लावली: जुनं म्हणजे पक्कं. दोन हजार वर्षं टिकलेली पायरी उद्याही टिकेल, हा हिशेब दगडाच्या बाबतीत बहुतेक वेळा बरोबर येतो. तोच हिशेब आपण लोखंडाला आणि लाकडालाही लावतो. वीस वर्षांची शिडी दिसली की मनात कुठेतरी येतं, वीस वर्षं टिकली आहे, म्हणजे चांगलीच असणार. लोखंडाच्या बाबतीत वीस वर्षांचा अर्थ याच्या अगदी उलट निघतो, आणि आपल्या पायांना हे कुणी सांगितलेलं नाही.

इथे थांबा. आपल्या पायांची ही जुनी समजूत फक्त बघा. लगेच दुरुस्त करायला जाऊ नका.

या मुलखात शिड्या आल्या कशा, तेही लक्षात असावं. १८१८ मध्ये मराठी राज्य गेलं आणि इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा, कातळातले जिने सुरुंग लावून उडवले. पुन्हा कुणी गड लढवू नये, हा हेतू. पुढे लोक देवासाठी, पाण्यासाठी, नंतर हौसेसाठी वर जातच राहिले. जिथे दगडाची पायरी तुटली होती किंवा मुळात नव्हतीच, तिथे लाकूड आलं, दोर आला, मग लोखंड आलं. रतनगडाला रतनवाडीकडून चढताना दरवाज्याखाली लोखंडी शिड्या लागतात. वर मुक्कामाला गुहा आहे. एका बाजूला दगडी पायरी, तिच्यापुढे लगेच लोखंडाची. पाय दोन्हींवर सारख्याच भरवशाने पडतो.

आता लोखंडाकडे बघू. हे जरा निवांत बघण्यासारखं आहे.

मनातल्या शिडीच्या अगदी जवळ जा, नाक लागेल इतकं. गंज दिसतो का? गंज हा फसवा असतो. लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते. जेवढं लोखंड गेलं त्याच्या कितीतरी पट जाडीचा गंज तयार होतो. म्हणून गंजलेला गज लांबून जाडजूड, दणकट दिसतो. नखाने खरवडा. पापुद्रे निघतील, एकाखाली एक. ते सगळे निघाल्यावर जे उरेल तेवढंच लोखंड आपलं वजन घेणार आहे. पापुद्रे दिसत असतील तर ती शिडी निदान खरं बोलते आहे. जिच्यावर पापुद्र्यांवरूनच रेड ऑक्साइड आणि वर पिवळा ऑइल पेंट फासलेला आहे, तिच्याबद्दल जास्त सावध राहा. रंगाने गंज थांबतो, पण आधी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर. गंजावर दिलेला रंग गंज झाकतो आणि आत पाणीही धरून ठेवतो. उत्सवाच्या आधी घाईघाईत रंगवलेली शिडी दिसली की मला तरी आनंद होत नाही.

शिडी पाइपची असेल तर आणखी एक गोष्ट. पाइप आतून पोकळ असतो. भोकातून, उघड्या तोंडातून पाणी आत जातं. गुहेच्या तोंडाशी, जिथे हवा कायम ओलसर असते, तिथे थंड लोखंडाच्या आतल्या अंगालाही दव धरतं. ते पाणी खाली उतरतं आणि तळाशी साचतं. असा पाइप आतून बाहेर गंजत येतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान राहतो. म्हणून जाणकार माणूस शिडी बघताना आधी वर न बघता वाकतो आणि तळ बघतो. मग आडव्या गजाचा आणि उभ्या बाजूचा सांधा बघतो, कारण प्रत्येक पावलाचा हिसका तिथे बसतो आणि वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर तिथेच पडते. मग हातोडीने ठोकून ऐकतो. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि खाल्लेल्याचा बोदा. हातोडी नसेल तर हाताशी सापडलेला दगड चालतो.

आता नजर आणखी पुढे न्या, शिडीच्या मागे, कातळापर्यंत. जिथे बोल्ट आत गेला आहे तिथे.

आपण शिडीवर चढतो असं म्हणतो. पण खरं तर आपण चार-सहा बोल्टांवर चढतो, आणि बोल्ट कातळावर अवलंबून असतो. सह्याद्रीचा बराचसा कातळ काळा, घट्ट बेसाल्ट आहे हे खरं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातून तो झाला. पण सगळे थर सारखे नाहीत. काहींत बुडबुड्यांची पोकळी आहे, त्यात पांढरे खडे भरले आहेत. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा, मातीसारखा मऊ पट्टा असतो. पाणी तिथून झिरपतं आणि कातळाला आतून खातं. किती तरी गुहा अशा कच्च्या थरातच तयार झाल्या आहेत, म्हणजे आपल्याला गुहा ज्यामुळे मिळाली त्याच कच्चेपणात आपण बोल्ट ठोकायला जातो. नवा कोरा बोल्ट भुसभुशीत कातळात ठोकला तर तो नवाच राहतो आणि एक दिवस कातळासकट बाहेर येतो. बोल्टाभोवती तांबूस ओघळ आहे का, बारीक भेगा आहेत का, बोल्टाची पट्टी कातळापासून किंचित सुटली आहे का, हे बघा. चार महिने धो धो पाऊस, मग आठ महिने कोरडं ऊन. भिजणं आणि वाळणं यांचा हा फेरा लोखंडाला सततच्या ओलीपेक्षाही वाईट.

आणि सगळ्यात वरचे बोल्ट. चढताना माणूस नकळत मागे झुकतो, हातांनी शिडी स्वतःकडे ओढतो. ही ओढ वरच्या बोल्टांना कातळातून उपटायला बघते. शिडीवर एक माणूस असेल तर एकाची ओढ, चार असतील तर चौघांची, आणि त्यातला एक घसरून दोरासारखा लोंबकळला तर त्याचा झटका वेगळाच. म्हणून एका वेळी एक हा नियम शिष्टाचाराचा नाही, बोल्टांच्या हिशेबाचा आहे. रविवारी सकाळी कळसूबाईच्या शिड्यांवर जी रांग लागते, ती आठवा. तिथे हा हिशेब कुणालाच आठवत नाही.

लोखंडाकडून पुन्हा खोडाकडे या. लाकूड लोखंडापेक्षा प्रामाणिक वाटतं, पण तेही आतून खचतं, आणि ठरावीक जागी. जिथे ते ओल्या मातीत टेकतं तिथे, जिथे त्याच्याभोवती दोर आवळला आहे त्या दोराखाली, जिथे खाच पाडली आहे त्या खाचेच्या कोपऱ्यात. चाकूचं टोक दाबून बघा. धड लाकूड टोकाला अडवतं, कुजलेलं त्याला आत घेतं.

लाकडाचीच आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रियात हालस्टाटच्या मिठाच्या खाणीत २००३ मध्ये एक लाकडी जिना सापडला. झाडाच्या वलयांवरून त्याचा काळ ठरला: इसवी सनापूर्वी १३४४. आठ मीटर लांबीचा तो जिना मिठाने राखून ठेवला होता, त्यामुळे लाकूड कुजलं नाही. पण त्यातली मला भावलेली गोष्ट त्याचं वय ही नाही. त्या जिन्याच्या पायऱ्या दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांतल्या खोबणीत सरकवलेल्या होत्या. उतार बदलला तर पायऱ्यांचा कोन बदलता येत होता आणि सगळा जिना सोडवून दुसरीकडे जोडता येत होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो सुतार धरूनच चालला होता की हा जिना हलवायचा आहे, बदलायचा आहे. एकदा बसवला की काम संपलं, असं त्याच्या मनात नव्हतं. आपल्याकडे शिडी बसवण्याचा समारंभ होतो, नारळ फुटतो, फलक लागतो. ती काढण्याची तारीख त्या फलकावर कधी कोरलेली पाहिली आहे का?

हा प्रश्न जरा वेळ तसाच ठेवा.

आता मनाने वर जा, पायांनी नाही. बहिरीच्या गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि भांडी आहेत. ती वापरायची, घासायची, जागच्या जागी ठेवायची. एकही भांडं घरी न्यायचं नाही. नेलं तर बहिरी बघून घेतो, असं गावकरी सांगतात. या नियमाकडे श्रद्धा-अंधश्रद्धेच्या वादात न शिरता बघा. कडेकपारीतल्या गुहेत, जिथे पहारेकरी नाही, तिथे सार्वजनिक वस्तू जागेवर आणि स्वच्छ राहते. कारण प्रत्येक वापरणाऱ्यावर तिची जबाबदारी टाकली आहे, आणि ती तो पाळतो.

मग खालच्या खोडाला असा नियम का नाही? दोराला का नाही? भांडं गेलं तर देव विचारणार, पण दोर झिजला तर कुणी विचारायचं? मला वाटतं, भांडी ही देवाची मानली गेली आणि खोड ही नुसती सोय. शिडी ही नेहमी दुसऱ्या कशाकडे तरी जाण्याची वस्तू असते; आपली नजर देवाकडे, शिखराकडे, फोटोच्या जागेकडे लागलेली असते. शिडीकडे शिडी म्हणून बघणारा माणूस त्या रांगेत नसतो. शिवाय मालकीचा घोळ असतोच. रान वनखात्याचं, लेणं पुरातत्त्वखात्याचं, देव गावाचा, शिडी कुठल्याशा मंडळाने बसवलेली, आणि ते मंडळ आता कुठे आहे कोण जाणे.

संरक्षित लेण्यात तर पेच आणखी वाढतो. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली अशा जागी परवानगीवाचून छिन्नीही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कातळात पाडलेलं भोक बुजत नाही. जुना बोल्ट बाद झाला की शेजारी दुसरं भोक, मग तिसरं; शेवटी कोरीव भिंतीवर देवीच्या व्रणांसारखे डाग राहतात. म्हणून अशा ठिकाणी कातळाला हात न लावता स्वतःच्या पायावर उभा राहणारा जिना करतात, जो नंतर उचलून नेता येतो. हालस्टाटचा सुतार त्यावर खूश झाला असता.

पुन्हा खाली या. खोडापाशी, किंवा तुमच्या मनात आता लोखंडी शिडी असेल तर तिच्यापाशी. तळव्यांकडे बघा.

चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीवर असावेत. म्हणजे हातात काठी, मोबाइल, पाण्याची बाटली काही नको. उभी बाजू धरून हात घसरवत जाण्यापेक्षा आडवा गज मुठीत धरा. पाय सुटला तर गजावरची मूठ जास्त वेळ टिकते. पाऊल गजाच्या मधोमध न टाकता उभ्या बाजूजवळ टाका, तिथे गज कमी वाकतो. गज आणि कातळ यांच्यात जागा किती आहे तेही बघा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत पक्क्या शिडीमागे किमान ७ इंच मोकळी जागा लागते, म्हणजे पाऊल मधल्या भागापर्यंत आत जातं. गुहांमध्ये शिडी बऱ्याचदा कातळाला चिकटून असते आणि बोटांच्या टोकांवरच सगळं वजन येतं. असं असेल तर तुमच्या पोटऱ्या लवकर थरथरतील. ती भीती नसेल, स्नायूंचा थकवा असेल. दोन्ही एकसारखेच जाणवतात.

आणि वरची कड. शिडी संपते तिथे धरायला काय आहे? त्याच नियमांत शिडीच्या उभ्या बाजू वरच्या टप्प्याच्या ४२ इंच वर जाव्यात असं आहे. आपल्याकडे त्या बहुधा काठापाशीच संपतात. मग माणूस गुडघ्यावर येतो, गवत धरतो, वरच्या मित्राचा हात धरतो. सगळ्या चढात हा क्षण सर्वात नाजूक, आणि परत येताना तर तिथेच पाठमोरं होऊन दिसत नसलेल्या गजासाठी पायाने चाचपडायचं.

शिडीभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा असेल तर धीर येतो. येऊ द्या, पण थोडाच. पिंजरा पडणाऱ्याला अडवत नाही. उलट पडताना माणूस त्याच्यात आपटत जातो. २०१६ मध्ये अमेरिकेने नियम बदलले तेव्हा २४ फुटांवरच्या नव्या पक्क्या शिड्यांसाठी पिंजरा पुरेसा नाही असं ठरवलं आणि पट्टा-दोराची व्यवस्था मागितली. पाच मीटरवरून पडायला साधारण एक सेकंद लागतो, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. एका सेकंदात माणूस काही धरू शकत नाही. जे धरायचं ते आधीच, वरून बांधलेल्या दोराने.

आता ठरवा. सगळं बघून झालं आहे. तळ कोरडा आहे, सांधे धड आहेत, बोल्ट हलत नाहीत, कातळ घट्ट आहे, पाऊस नाही, वर आग्यामोहोळ नाही, पुढचा माणूस उतरून बाजूला झाला आहे. तर चढा, आणि चढताना दुसरं काही मनात आणू नका. यातलं एक जरी मनाला पटत नसेल, तर परतीच्या वाटेची कल्पना करा. ती लाज वाटणारी कल्पना आहे; सोबतची चार माणसं वर जातील, खाली थांबलेला एकटा तुम्ही. त्या लाजेकडेही तसंच बघा जसं बोल्टाकडे बघितलं. ती किती वजन घेते? फार नाही. देवाला खालून हात जोडता येतात, आणि वर न पोचलेल्यांचे नमस्कार बहिरीने आजवर खूप घेतले असतील.

वर गेलात किंवा नाही, पायथ्याच्या गावात चहाला थांबालच. तिथे विचारा, ही शिडी कोण बघतं? शेवटची कधी बघितली? एखादं नाव मिळालं तर त्या माणसाला भेटा. न मिळालं तर ग्रामपंचायत आहे, वनखात्याचा गार्ड आहे. फोनमध्ये काढलेला फोटो त्यांना दाखवा, आणि “शिडी खराब आहे” असं मोघम सांगू नका. त्याने कुणीच काही करू शकत नाही. तारीख सांगा, आणि जागा नेमकी सांगा: खालून तिसरा गज, डाव्या बाजूचा सांधा, वेल्डिंगला चीर, वरचा उजवा बोल्ट अर्धं बोट बाहेर आलेला.